जावेसारखा चष्मा

मैत्रिणींनो, आज परतूरहून जालन्याला डोळे तपासायला गेल्ते. खरं सांगू? डोळ्याला काहीच झालं न्हाई. धाकट्या जावेला चष्मा लागल्यापासून माझा नुसता जळफळाट होऊन राह्यलाय.

चष्मा काय लागला, घरातली मास्तरीणच झाली ती! बँकेचा कागद आला की सासरे बराबर तिच्याच हातात देतात. शिकलोय दोघी बारावीच.

म्हणून मी बोर्डावरची खालची अक्षरं मुद्दाम चुकीची वाचली. डॉक्टरांनी काच बदलली. "आता?" मी घडाघडा सगळं वाचलं.

"ताई, ही साधी काच आहे. तुम्हाला नंबर नाहीच."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंग सोबतच्या लेकीला पुढं केलं. "हिचे बघता का? तशी हिची काही तक्रार न्हाई."

"तक्रार करायला, नीट दिसणं कसं असतं ते लेकराला माहीत तर पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

चौथीतल्या माझ्या पोरीला दुसऱ्या ओळीच्या खालचं वाचताच येईना. ती टीव्हीला चिकटून बसायची अन् मी तिलाच रागवायचे. वर्षभर माझी नजर जावेच्या चष्म्यावर!

दुकानात सगळ्यात भारी फ्रेम दाखवली, तर पोरगी म्हणते, "मम्मी, मला काकूसारखीच पाहिजे."

घेतली. घरी आल्या आल्या पळाली काकूलाच सांगायला.

तुमच्या लेकरांचे डोळे तपासलेत का? अन् खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही ती फ्रेम घेतली असती?