गोदामात राहिलेली पुस्तकं

चार वर्षं जे कुणाला सांगितलं नाही, ते या जूनमध्ये बायकोला सांगितलं.

ती मंठ्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आठवडाभर तिकडंच खोली करून राहते, शनिवारी एसटीनं जालन्याला येते. बाकीचे दिवस घरात मी आणि कॉम्प्युटर. वकिली चालेनाशी झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीचं काम धरलं. परदेशातल्या खटल्यांचे कागद वाचायचे, उपयोगाचा दिसला की खूण करायची.

त्यातला एक खटला असा होता. लांबच्या एका गरीब देशाच्या सरकारनं रोखे विकून कर्ज उचललं आणि फेडलं नाही. वाट बघून थकलेल्या लोकांकडून ते रोखे एका फंडानं मातीमोल भावात विकत घेतले, सरकारवर पूर्ण रकमेचा दावा लावला आणि जिंकला. तरी सरकार काही देईना. मग त्या सरकारचं देशाबाहेर जप्त करण्याजोगं काय आहे, ते आम्ही फंडाच्या वतीनं, कोर्टामार्फत मिळालेल्या त्याच्या पत्रव्यवहारात शोधत होतो.

मला हे काम नवं नव्हतं. तलावात गेलेल्या जमिनींचा मोबदला सरकारकडून वसूल करायच्या दरखास्ती मी जालन्याच्या कोर्टात चालवल्या होत्या. बेलीफ जप्तीला निघाला की कचेरीत खबर आधी पोचायची आणि खुर्च्या, पंखे, जीप, सगळं गायब. एकदा मी वेगळं केलं. कचेरीनं पैसे भरलेले, पण अजून ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडलेले कॉम्प्युटर हेरले आणि जप्ती तिथंच नेली. बार रूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "काय डोकं हाय रे तुझं." सगळ्या वकिलीत मला मिळालेली शाबासकी एवढीच.

तीच युक्ती इथं लावली. ढीगभर कागदांत एका छापखान्याचं बिल सापडलं. छापखाना तिसऱ्याच देशातला, पैसे सरकारनं भरलेले, माल बंदराच्या गोदामात जहाजाची वाट बघत पडलेला. बिलावर स्वच्छ लिहिलं होतं, पहिलीची वाचनपुस्तकं.

आपल्याकडे कर्जदाराची स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण जप्त करता येत नाही. शाळेच्या पुस्तकांनाही तिकडं असाच आडोसा असणार, हे मला कळत होतं. तरी टिपणात, वर्णनाच्या रकान्यात, मी "छापील माल" एवढंच लिहिलं. पुढचं गिळलं. वरच्यांनी मूळ बिल पाहिलं की नाही, ठाऊक नाही. पुण्याच्या कंपनीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, "सर, बरोबर पकडलंत." खरं सांगायचं तर, तेवढं ऐकायलाच मी ते केलं.

माल अडकला. कोर्टानं तो शेवटी सोडला, पण तोवर शाळेचं अर्धं वर्ष निघून गेलं होतं. पुढच्या गठ्ठ्यात तिकडच्या एका मुख्याध्यापकाचं पत्र आलं. फळ्यावर लिहून मुलांना वाचायला शिकवतो आहोत, फळा पुसला की त्यांना घरी न्यायला काही राहत नाही, असं त्यात होतं. खटल्याशी संबंध नाही, अशी खूण करून मी पुढचा कागद उघडला. ते काम मी अजूनही करतो.

या जूनमध्ये एका शनिवारी बायको आली ती तणतणतच. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "पहिलीच्या पुस्तकांचे दोन संच कमी आल्ते. येताना तालुक्याला उतरून भांडून आणले बगा."

"दोनच ना. आले असते मागून."

"मागून? तवर त्या दोघांनी काय माझ्या तोंडाकडं बगत बसायचं? वकीलसाहेब, दिवसभर त्या डब्याशी बोलून तुम्ही बी डबा होऊन राह्यले."

एरवी मी हसलो असतो. तिनं लसूण सोलायला घेतला आणि मी सांगायला लागलो, बिलापासून पत्रापर्यंत. तिचे हात थांबले नाहीत.

"तुमाला ठाऊक व्हतं? पहिलीची हाईत म्हणून?"

"हो."

"आन् लिहिलं न्हाई."

"नाही."

सोललेली पाकळी वाटीत टाकत तिनं विचारलं, "तिकडची लेकरं कोणत्या भाषेत शिकतेत?"

त्या सरकारची इतकी पत्रं मी वाचली, ती सगळी इंग्रजी भाषांतरं. बिलावर भाषा लिहिलेली असेलही. मी पाहिली नव्हती. माहीत नाही म्हणालो. तिनं लसणाची साल गोळा केली आणि आत गेली.

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा ते बिल उघडून बघायला गेलो. त्या खटल्याचे कागद कंपनीनं बंद केलेत, आता मला उघडता येत नाहीत.

दुपारी तिला सोडायला स्टँडवर गेलो. गाडीत जागा मिळाली. दोन संच असलेली पिशवी तिच्या मांडीवर होती.

"दे, वर ठेवतो," मी म्हणालो.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि पिशवी तिनं दोन्ही हातांनी जवळ ओढली.