मॉडेलमधली तारीख

माजिवड्याच्या आमच्या बांधकामाच्या साइटवर माझे एक ज्येष्ठ सहकारी होते; ते इमारतीचं कॉम्प्युटरमधलं मॉडेल सांभाळायचे. प्रत्येक नव्या नकाशाची तारखेसह त्यात नोंद पूर्ण झाली की स्वतःशीच पुटपुटायचे, "झालं, बसलं."

एकदा जिना चुकीच्या जागी बांधला गेला आणि तोडावा लागला. मुकादमाने जुना नकाशा वापरला, असा कंपनीने ठपका ठेवला. वाद लवादापुढे गेला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेब त्यांना म्हणाले, "नव्या नकाशाची तारीख जरा मागची टाका ना." मी शेजारीच बसलेलो; ऐकून न ऐकल्यासारखं काम करत राहिलो.

सुनावणीत त्यांनी मॉडेल उघडलं आणि सावकाश सांगितलं, "नवा नकाशा मी ह्यात चार दिवस उशिरा चढवला. तोवर जिना बांधून झालेला. चूक मुकादमाची नाही, माझी आहे."

मुकादम सुटला. ह्यांची बदली आंबिवलीच्या गोदामात झाली. निघताना म्हणाले, "मॉडेल आता तुम्ही सांभाळा." मला त्यांच्याकडे नीट बघवलं नाही.