ह्याला रिव्हिजन नाही

"पाणी प्यायलीस का गं?"

चहा यायच्या जरा आधी ते माझ्या टेबलावर स्टीलचा पेला ठेवायचे. दुसऱ्या हातात त्यांचा स्वतःचा तांब्या. तो तोंड न लावता, वरून घटाघट रिकामा करायचे. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल, स्वतःच्या दुखण्याचं औषध सगळ्यांना पाजणारं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं ऑफिस आहे. इमारतींच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनींची ड्रॉइंगं तिथे होतात. ते ड्राफ्ट्समन, मी टायपिस्ट. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मराठीत अडखळायचे, म्हणून कमीच बोलायचे. त्यांना ते चालायचं.

त्यांना मुतखडा होता. एक पडला की काही महिन्यांनी दुसरा. कळ आली की पेन्सिल कानावर ठेवून, कमरेवर मूठ दाबून बोर्डाशी उभे राहायचे. अकाउंट्सच्या बाई पानफुटीची पानं आणायच्या, साहेब बिअर सुचवायचे, त्यांची आई गावाहून कुळीथ पाठवायची. ते सगळंच निमूट घ्यायचे.

"काल बिअरवर कुळथाचं पिठलं खाल्लं. खडा राहिला, मीच पडलो."

शेवटी डॉक्टरांनी शिरेत औषध टोचून एक्स-रे काढायला लावला.

"तुझं इंग्लिश चांगलं आहे ना, वाच," म्हणून रिपोर्ट माझ्यापुढे धरला. दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकांना एकमेकांना जोडलेली, घोड्याच्या नालेसारखी. जन्मापासूनच. मला शब्द कळले, चित्र दिसेना. त्यांनी ट्रेसिंग पेपरचा तुकडा ओढला.

"हे बघ. नळी सरळ खाली उतरायला हवी. इथे मध्ये हा सांधा आला. त्याच्यावरून वळसा घालून यावं लागतं. पाणी तुंबतं, तुंबलं की खडे. साइटवर असं निघालं की आपण ड्रॉइंगची नवी रिव्हिजन काढून लाइन बदलून देतो." मग हसले. "फक्त ह्याला रिव्हिजन नाही."

त्यांचं जमत आलेलं लग्न ह्यावरूनच मोडलं. मुलीच्या वडिलांना त्यांनी आपणहून ते चित्र काढून दाखवलं होतं.

"लपवून काय करू? लाइन चालू झाली की कळतंच."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी पेला उगाच दोनदा विसळला.

मग आखातातली नोकरी आली. डॉक्टर म्हणाले, तिथल्या उन्हात अंगातलं पाणी आटेल, खडे वाढतील. ऑफिसात सगळे म्हणाले, जा. ते माझ्या टेबलाशी आले.

"तू काय म्हणतेस? जाऊ?"

मशीनमधला कागद सरळच होता, तरी मी तो पुन्हा सरळ केला. नका जाऊ. दोनच शब्द, दोन्ही येत होते.

"पाणी प्यायला विसरू नका," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरचा रिकामा पेला उचलला. मग "बरं" म्हणाले.

त्यांच्या बोर्डावर आता दुसरे बसतात. तांब्या मात्र माठाजवळच राहिला. चहा यायच्या आधी मी उठते, तो भरते आणि त्यांच्यासारखा वर धरते. नीट जमत नाही अजून. थोडं पाणी गळ्यावरून खाली ओघळतं. मी ते पुसत नाही.