शकूवहिनीला शिकवलेली स्पॅनिश

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही—नवऱ्याजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगायला बसले तर अजूनही तेव्हाचाच उत्साह अंगात येतो बघा, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात कॉलेजला होते, सदर भागात राहायचे. जवळच्या दवाखान्यात स्पेनची एक नन होती, तिच्याकडून घरातली चार वाक्यं मी उचलली होती. एस्तोय कोसिनान्दो—मी स्वयंपाक करून राहिली. एस्तोय लावान्दो—मी धुऊन राहिली. काय मजा यायची! भांडी घासताना, वेणी घालताना, मी आपली आन्दो-आन्दो करत घरभर नाचायची. आई म्हणायची, पोरगी येडी झाली. मग ननची बदली झाली आणि माझी स्पॅनिश तिथेच थांबली. पण आपल्याला चारच वाक्यं येतात, हे मी कोणाला सांगितलं का? छे!

अशात शेजारच्या शकूवहिनीच्या नवऱ्याला कळमेश्वरच्या कारखान्यातून दोन वर्षांसाठी स्पेनला पाठवायचं ठरलं. वहिनी कडेवर पोर घेऊन धावतच आली. "मले शिकव वं! तिथं मी कोणाशी बोलू?"

नाही म्हणता आलं असतं ना? मग काहून म्हटलं नाही? अहो, स्पॅनिश येते म्हणून सगळी गल्ली मला मॅडम म्हणायला लागली होती!

दुपारी ती कणीक मळायची, मी शिकवायची. येत होतं ते चार दिवसांत संपलं. मग—मग मी वाक्यं बनवायला लागले. हिंदी शब्द घ्यायचा, मागे आन्दो लावायचं, झालं! फोडणी देऊन राहिली? तडकान्दो! वहिनी पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवायची आणि मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

एक दिवस तिने विचारलं, पोराला ताप आला तर काय म्हणायचं? हसत नव्हती ती. निदान इथे तरी मी थांबायला हवं होतं की नाही? मी बेधडक सांगितलं—एल निन्यो एस्ता बुखारान्दो. ती घुटमळली. बुखार तर आपलाच शब्द! मी म्हटलं, बुखार मुळात अरबी, आणि पूर्वी तिकडे अरबांचं राज्य होतं ना, म्हणून. कॉलेजातलं ज्ञान! तिने पोराला मांडीवर थोपटत ते वाक्य घोकून घोकून पाठ केलं.

ते सगळे स्पेनला गेले, आणि तिकडचा पहिला हिवाळा सरायच्या आत ती पोराला घेऊन एकटीच परत आली. अंगणात बाया जमल्या, मीही गेले. वहिनी सांगत होती. नवरा कामावर, पोर तापाने फणफणलेलं. ती शेजारणीच्या दारात उभी राहून ओरडत होती—बुखारान्दो, बुखारान्दो. शेजारणीने घाबरून दार लावून घेतलं. जिन्यातच पोराला झटके आले, तेव्हा कुठे वरच्या मजल्यावरचा कोणी धावला. पोर वाचलं. पण वहिनीने त्या देशाची धास्तीच घेतली.

"तू तं बरोबर शिकवलं होतं वं," ती माझा हात धरून म्हणाली, "माझीच जीभ जड. मले नाही जमत भाषा-बिषा."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. पोर माझ्या पदराशी खेळत होतं.

मी म्हटलं, "हो ना वहिनी, उच्चार कठीणच असतात."