नावं येऊ द्या

ईशान, रेवा,

परदेशी विद्यापीठांच्या अर्जांसाठी तुम्ही दोघं आता स्वतःविषयी निबंध लिहायला बसला आहात, असं तुमची आई म्हणाली. म्हणून हे आजच लिहिते.

"थांबा आजी, नावं येऊ द्या," असं म्हणून माझ्या हातातला रिमोट काढून घेणारी खालच्या मजल्यावरची मुलगी तुम्हाला आठवत असेल. तुम्ही इंदिरानगरला माझ्या घरी विसरून गेलेल्या कार्टूनच्या डिस्कवरून तिने इंग्रजी शिकायला सुरुवात केली. तेव्हा ती आठवीत होती. आटलेल्या तळ्यासाठी पाणी शोधत निघालेल्या म्हाताऱ्या बदकाचा तो चित्रपट. मी एकेका वाक्याला थांबवायची, ती पेन्सिलीने वहीत उतरवायची, मी लाल शाईने सुधारायची.

चित्रपट संपला की मी उठायची. ती मात्र शेवटची नावं वाचत बसायची.

"बघा, याने नुसतं शेवाळ रंगवलंय."

"बरं मग?"

"आपण नाही वाचलं, तर त्याचं नाव वाचणार कोण?"

त्या नावांतच एक ओळ होती. पाण्याची चित्रं एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी काढली होती. बारावी होताच तिने सांगून टाकलं, "मी तिथेच शिकणार."

तिचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. "पाणी काढायला एवढ्या लांब? आमच्या प्लांटवर ये, दिवसभर पाणीच बघ," म्हणाले. मी तीन संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसले. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या शब्दावर पाठवतो, काकू."

अर्जाचा निबंध तिने मला दाखवला नाही. "तुम्ही सगळा लाल करून टाकाल." मला त्याचं कौतुकच वाटलं.

ती गेल्यावर काही महिन्यांनी तिची आई कागद घेऊन वर आली. चांदवडची साधी बाई, इंग्रजीचं अक्षरही ओळखत नाही.

"काकू, पोरीचा निबंध तिकडं छापलाय. तिनं सांगितलं बी नाय, मैत्रिणीनं आणून दिला. वाचा ना."

मी चष्मा लावला. एका शेजारणीची गोष्ट होती. म्हातारी, निरक्षर, अंगठा उठवणारी. तिला ही मुलगी कार्टून थांबवून थांबवून वाचायला शिकवते. म्हातारीने आयुष्यात पहिल्यांदा वाचलं ते म्हणजे चित्रपटाच्या शेवटची नावं. मी, आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या बाईने, ते दोनदा वाचलं. भाषेत एकही चूक नव्हती.

"काय लिवलंय?"

"लिहिलंय, की ती वही घेऊन रोज वर यायची."

"आन् तुमचं नाव?"

"आहे ना."

"कुठं? दाखवा की."

'शेजारीण' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दावर मी बोट ठेवलं. तिने त्या शब्दाला हात लावून नमस्कार केला.

"तुमच्यामुळं झालं हो सगळं," म्हणाली आणि कागद घडी करून पदराखाली घेऊन गेली. चहा घ्यायचाही राहिला.

मुलगी अजून दिवाळीला फोन करते. "आजी, कशा आहात?" मी "बरी आहे" म्हणते. निबंधाचं मी विचारलेलं नाही, तिने सांगितलेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात दहा दिवस आली होती. खालून तिचं हसू ऐकू यायचं. जिना काही ती चढली नाही.

डिस्क आता चालत नाही. वह्या तीन आहेत, माझ्या कपाटात. त्यातलं पेन्सिलीचं अक्षर तिचं आहे, लाल शाईतलं माझं.