सुटलेला मूळबंध

श्रीगजाननाला आणि कुलस्वामिनीला वंदन करून लिहितो. माझ्या पौरुषग्रंथीत, म्हणजे प्रोस्टेटमध्ये, रोवलेल्या बीजांची आज पहिली तपासणी झाली, तेच या लेखनाचे निमित्त.

ग्रंथीत कर्करोग निघाला होता. हृदय दुबळे, त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया झेपेल अशी ग्वाही कोणी देईना. तांदळाच्या दाण्याएवढी किरणोत्सारी बीजे सुईने ग्रंथीत कायमची ठेवणे, हाच मार्ग उरला. त्यासाठी प्रत्येक बीजाची जागा आधी आखावी लागते. ग्रंथीच्या मधून मूत्रमार्ग जातो, मागे गुदाशय असतो. किरण तेथे अधिक पोहोचले तर जन्मभराच्या यातना. ग्रंथीला कमी पडले तर रोग तसाच.

उत्तरेतल्या आमच्या शहराच्या कंपू भागातल्या रुग्णालयात आखणीसाठी सोनोग्राफी चालली होती. मी उताणा, पाय वर बांधलेले, डोळे मिटून मनात गायत्री. किरणांचे गणित मांडणारी तरुणी इथल्याच मराठी घरातली. ग्रंथीची कड ती आखी आणि पुन्हा पुसून टाकी.

"काका, हलू नका ना."

"मी हललोच नाही."

"पण पडद्यावर ग्रंथी सारखी वर सरकतेय, मग खाली येतेय."

डॉक्टर यंत्रापासून दूर झाले. "ऐसे में नक्शा नहीं बनेगा. अंदाज़ से मैं सुई नहीं डालूँगा."

मी जप आणखी नेटाने सुरू केला.

"काका, आतल्या आत काही करताय का?" तिने हळूच विचारले.

"जप."

"नुसता जप?"

तेव्हा ध्यानात आले. मुंजीनंतर गुरुजींनी शिकवल्यापासून मंत्र म्हणताना मी श्वास रोखून मूळबंध बांधतो, म्हणजे ओटीपोटाचा तळ आवळून वर ओढतो. देहाला ते आता सांगावे लागत नाही. मी तिला तसे सांगितले.

ती हसली. "अहो, माझे आजोबापण करायचे! देवाचं नाव घ्या काका, फक्त खालचं दार उघडं ठेवा."

ते सोपे नव्हते. मंत्र सुरू झाला की बंध आपोआप लागे. अखेर मंत्र थांबवला आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर केवळ 'राम' म्हणत राहिलो. आवळलेले अंग कणाकणाने सैल झाले.

"बस, असंच!" ती म्हणाली. कड पूर्ण आखली गेली. "सर, आ गया."

त्या आखणीप्रमाणे पुढे बीजे रोवली गेली. आज तपासणीचे चित्र पाहून ती म्हणाली, "बीजं आखल्या जागीच आहेत. गुदाशयाला झळ मर्यादेतच आहे. आणि काका, दार?"

"उघडेच आहे, बाळ."

वाचकहो, तुमच्या देहाला आरोग्य लाभो, घरातली माणसे सुखरूप राहोत, आणि भयाच्या घटकेला रामनाम तुमच्या श्वासात सहज येवो.