कानवालीची पाच वर्षं

कपाला कान लावायचं काम बघणाऱ्याला पोरखेळ वाटतं. साच्यातून निघालेला कप अजून ओलसर असतो, कानही ओलसर. दोन्हीकडे पातळ मातीचं बोट फिरवायचं, कान टेकवायचा आणि अंगठ्याने बेताचा दाब द्यायचा. दाब कमी पडला तर भट्टीत कान गळून पडतो, जास्त झाला तर कपाचं तोंड वाकडं. चिनी मातीच्या कारखान्यात ती हे काम बावीस वर्षं करत होती, आणि तिचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. मुकादमापासून वस्तीतल्या दुकानदारापर्यंत सगळे तिला कानवाली म्हणत. नवरा भट्टीवर होता. तोही चेष्टेत हाक मारायचा, "कानवाले, ऐकू येतंय का?" खरं तर भट्टीच्या घरघरीने ऐकू त्यालाच कमी यायचं.

राजकारणाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. कामगारवस्तीत नळाला सकाळी अर्धाच तास पाणी यायचं, त्यावरून बायकांची जुंपायची, आणि दोघींच्या मध्ये जाऊन उभं राहायची हिंमत तिच्यातच होती, एवढंच. पण नगर परिषदेच्या आधीच्या निवडणुकीत वस्तीने वकीलसाहेबांच्या पक्षाला सपशेल आपटलं होतं. म्हणून यावेळी पक्षाचे हे शहरप्रमुख स्वतः तिच्या दारात आले.

"आम्हाला तुमच्यातलंच माणूस हवंय," ते म्हणाले.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांदे उडवले. "भांडणं सोडवतेसच की फुकटात. आता खुर्चीवर बसून सोडव."

फोटो काढायला माणूस थेट कारखान्यात आला. ती घाईघाईने नळाकडे निघाली तर तो ओरडला, "बाई, हात धुऊ नका! मातीच हवीय." शहरभर ती मातीच्या हातांनी भिंतींवर चिकटली आणि चांगल्या मताधिक्याने निवडून आली. कारखान्याने तिला पाच वर्षांची बिनपगारी रजा दिली.

पहिल्या दिवशी नगर परिषदेच्या मोठ्या दारात शिपायाने हात आडवा केला. "कामाच्या बायकांना मागचं दार."

"मी सदस्य आहे," तिने पत्र दाखवलं.

शिपाई दोनदा पत्र वाचून पार ओशाळला. "चुकलं बाई. पण आजवर या दारातून..."

"जाऊ दे रे. मलाही वाटलं होतं मागूनच जायचं असेल," ती म्हणाली. त्या दिवसापासून तो तिच्यासाठी चहा जरा जास्त गोड करून आणू लागला.

तिला पाणीपुरवठा समितीत टाकलं, कारण तिथे कुणालाच जायचं नव्हतं. बैठक दर मंगळवारी दुपारी. त्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि टेबलावर काचेखाली सगळ्या शहराच्या पाइपांचा नकाशा. पहिले दोन मंगळवार ती नुसती बघत बसली. तिसऱ्या मंगळवारी सगळे उठल्यावर तिने म्हाताऱ्या इंजिनिअरना विचारलं, "साहेब, ही रेघ जाड आणि ही बारीक का?"

इंजिनिअर तसे खडूस. पण त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही. जाड रेघ टेकडीवरच्या बंगल्यांची, आठ इंची. बारीक तुमच्या वस्तीची, दोन इंची. चाळीस घरं होती तेव्हा टाकलेली."

"आता सहाशे आहेत."

"तेच तर. पाणी कमी नाहीये बाई. वाट अरुंद आहे."

ती घरी गेली ती सुन्न होऊन. एवढी वर्षं बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि कारण होतं एक बारीक निळी रेघ.

मग तिने ध्यासच घेतला. सुट्टीच्या दिवशी इंजिनिअरांबरोबर रस्त्यारस्त्याने हिंडून तिने एकूण एक व्हॉल्व्ह पाठ केला. बैठकीत बोलायला उभी राहिली की बाकीचे सदस्य कौतुकाने हसत, "किती साधं बोलतात!" म्हणत, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलत. तो असा साडेचार वर्षं ढकलला गेला. पण तिने पिच्छा सोडला नाही. शेवटी मुदत संपायला महिना उरला असताना वस्तीच्या सहा इंची पाइपाचा ठराव मंजूर झाला.

मात्र त्या खोलीत तिला जे आवडलं ते वेगळंच होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. अध्यक्ष तिच्याकडे वळून विचारत, "सन्माननीय सदस्यांचं मत?" आणि मग सगळे थांबत. ती नकाशाकडे बघत विचार करी तोवर कुणी घसा खाकरत नसे, कुणी घाई करत नसे. विचार करणाऱ्या माणसासाठी दहाजण थांबतात, हे तिला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

पुढच्या तिकिटासाठी ती वकीलसाहेबांच्या घरी गेली. त्यांनी बसायला सांगितलं, खुशाली विचारली.

"आता जरा वरच्या पातळीवर भांडणारं माणूस हवं," ते म्हणाले. "डॉक्टरांची सून तयार आहे. शिकलेली आहे, बोलणं चटपटीत..."

"माझं काय कमी पडलं, साहेब?"

"कमी? छे छे! तुम्ही तर पक्षाचा अभिमान आहात."

"मग अभिमानाला तिकीट मिळत नाही का?"

साहेब मनापासून हसले. "हे छान बोललात," म्हणाले, आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

ती परत कारखान्यात आली. "या, सन्माननीय!" म्हणून मुकादमाने स्टूल पुसून दिलं, सगळा विभाग हसला, तीही हसली. पहिले दोन दिवस अंगठ्याला दाब आठवेना, कान तिरपे बसत होते. तिसऱ्या दिवशी आठवला.

नवा पाइप टाकला गेला. वस्तीला दोन तास पाणी येऊ लागलं. उद्घाटनाला चावी फिरवली नव्याने निवडून आलेल्या डॉक्टरांच्या सुनेने. बाई मनाने चांगली. तिने गर्दीतून हाताला धरून कानवालीला वर नेलं, "ताई आमची प्रेरणा" म्हणाली. कानवालीला वाईट वाटलं नाही. पाणी आलं होतं, भांडी भरत होती.

पण मंगळवार आला की दुपारी ती सारखी घड्याळाकडे बघायची. हात कपावर असायचे, आणि मनात ती काच, काचेचा गार स्पर्श, पेन्सिलींचा वास. आता कुठला विषय चालू असेल? पूर्वेच्या टाकीचं काय झालं असेल? नवरा म्हणायचा, "तुझं माहेरच झालं होतं बाई ते." तो चेष्टेने म्हणायचा, तिला मात्र खरंच माहेर तुटल्यासारखं वाटायचं.

मग तिने मुकादमाकडून सकाळची पाळी मागून घेतली. समितीच्या बैठकीला नागरिकांना बसायची परवानगी होती, भिंतीलगत तसं बाकडंही होतं. त्यावर कधी कुणी बसत नसे. ती बसू लागली. एका मंगळवारी डॉक्टरांची सून गळतीबद्दल बोलत होती आणि व्हॉल्व्ह शाळेच्या पुढे आहे म्हणून सांगत होती. कानवालीच्या तोंडून निघून गेलं, "मागे आहे. पटांगणाच्या कोपऱ्यात."

"नागरिकांनी मध्ये बोलू नये," अध्यक्ष म्हणाले.

सुनेने मान खाली घालून ते टिपून घेतलं. नंतर जिन्यात गाठून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, ताई." ती हे मनापासून म्हणाली, पण जिन्यात.

त्या संध्याकाळी जेवताना कानवाली नवऱ्याला म्हणाली, "मला परत जायचंय तिथे. बाकड्यावर नाही. टेबलाला."

नवऱ्याने घास खाली ठेवला. चेष्टा नाही, काही नाही. "मग उभी राहा की," तो म्हणाला.

पुढच्या निवडणुकीत ती अपक्ष उभी राहिली. तिच्या शेजारच्या स्टुलावर मावशी बसायची. नात्याची नव्हे, पण वीस वर्षं दोघींनी डबा वाटून खाल्लेला. कानवालीने आधी तिलाच विचारलं, "मावशी, मत देशील ना मला?"

मावशीच्या हातातला कप हातातच राहिला. "तू माझी आहेस, म्हणून खोटं नाही बोलत. त्या लोकांसमोर उभं राहायला डॉक्टरांच्या सुनेसारखीच हवी. तू तर आपल्यातलीच गं."

"आणि पाणी कुणी आणलं?"

"तूच आणलंस. साडेचार वर्षं लागली ना पण? तिने एका फोनवर आणलं असतं."

ते खोटं नव्हतं. कानवालीने पुढचा कप उचलला.

तिला दोनशे अकरा मतं पडली. नुसत्या तिच्या विभागात तीनशे बायका होत्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या एकाच हौदावर हात धूत होत्या, आणि तिच्याकडे बघायचं टाळण्यासाठी प्रत्येकीला आपापल्या नखातली माती फार महत्त्वाची वाटत होती. जेवायच्या सुट्टीत मावशीने डबा उघडून निम्मं तिच्याकडे सरकवलं. तिने थोडा वेळ बघितलं आणि घेतलं. रागावून जायचं तरी कुणाकडे होतं?

मंगळवार तिने सोडले नाहीत. निवृत्त होईपर्यंत आणि झाल्यावरही ती त्या बाकड्यावर येऊन बसायची. अध्यक्ष बदलले, सदस्य बदलले, नकाशा नवा आला. एकदा बैठक संपून सगळे गेल्यावर ती उठून टेबलापाशी गेली आणि नव्या नकाशावर वस्तीची रेघ शोधू लागली. शिपाई खिडक्या लावत होता. आता त्याचेही केस पिकले होते.

"बसा की बाई खुर्चीत," तो म्हणाला. "कुणी नाहीये आता."

"कुणी नसताना बसून काय करू रे?" ती म्हणाली, आणि काचेवरून बोट फिरवत रेघ शोधत राहिली.